मधली सीडी

हवेतून येणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास न ठेवणारा शेवटचा माणूस म्हणून राहात्याच्या बाजारपेठेत कुणाचा पुतळा उभारायचा ठरला, तर तो आमच्या थोरल्या साडूंचाच उभारावा लागेल. अर्थात तो त्यांना आधी बोटांनी वाजवून बघू द्यावा लागेल, नाहीतर ते स्वतःच्या पुतळ्यावरही विश्वास ठेवायचे नाहीत. रेडिओनं पाऊस सांगितला की ते अंगणात जाऊन मुंग्या काय म्हणतात ते बघतात. दुकानात गिऱ्हाइकानं मोबाईलवरून पैसे भरले आणि गल्ल्याशेजारच्या डबीतली बाई ते मिळाल्याचं ठणकावून सांगू लागली, की हे गिऱ्हाइकाकडं रोखून बघत विचारतात, "ती म्हणती आलेत. तुमचं काय म्हणणं हाय?" एकदा त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्याकडे नगरला आली आणि पोचल्याचा तिनं फोन केला. तो ठेवते न ठेवते तोच साडूंचा मला फोन. "साडूभाऊ, ती पोचली म्हणती. तुमी सोत्ता बघितली का?" ती माझ्यासमोर बसून पोहे खात होती. मी तसं सांगितलं. "बरं, मग पोचली असंल," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आम्ही नात्यानं साडू असलो तरी खरं म्हणजे एकाच बाईंचे दोन विद्यार्थी आहोत. आमच्या सासूबाई मिशनच्या शाळेत जन्मभर शिक्षिका होत्या आणि रविवारी चर्चमध्ये संडे स्कूल घ्यायच्या. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा चहाच्या आधी त्यांनी मला एक स्तोत्र म्हणायला लावलं होतं. मी मधेच अडखळलो. साडू त्यांच्या वेळी अडखळले नव्हते, आणि हा फरक पुढं बरीच वर्षं मला दर नाताळला करंजीच्या ताटाबरोबर ऐकायला मिळायचा. सासूबाईंना मुलगा नाही. निवृत्तीनंतर त्या साडूंकडे राहायला आल्या, तेव्हा सासू जावयाच्या घरात कशी राहते म्हणून चार लोक कुजबुजले. साडूंनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं, "आई माझ्याकडं न्हाई ऱ्हात. मी आईकडं ऱ्हातो. घर नुसतं माझ्या नावावर हाय."

साडूंचं दुकान बी-बियाणांचं. दिवसभर ते संकरित बियाणं विकतात आणि विकता विकता गिऱ्हाइकाला गावरान बियाण्याचे गुण सांगतात. "संकरित म्हंजी दरसाल दुसऱ्याच्या दारात उभं ऱ्हायचं," ते संकरित मक्याची पिशवी तोलत सांगतात, "गावरान एकदा घरात आलं की घरचं झालं." धंद्याच्या मुळावर येणारं हे तत्त्वज्ञान ऐकूनही लोक त्यांच्याकडूनच माल घेतात, कारण खोटं बोलणार नाही असा हा तालुक्यातला एकच दुकानदार आहे अशी त्यांची समजूत आहे. आणि हेच तत्त्वज्ञान साडूंनी सिनेमालाही लावलेलं आहे. मोबाईलवर दिसणारा पिक्चर त्यांच्या मते संकरित. दिसायला झकास, पण त्याचं बी धरता येत नाही. खरा पिक्चर तो जो सीडीवर आहे, कपाटात आहे आणि कुलपाची किल्ली आपल्या करगोट्याला आहे.

आता हा सीड्यांचा संग्रह त्यांनी विकत घेतला असं कुणाला वाटलं तर ते साफ चूक आहे. साडूंनी तो झाडांवरून तोडलेला आहे. लोकांनी सीड्या बघणं सोडलं तेव्हा राहात्याच्या पेरूवाल्यांनी त्या दोऱ्यांना बांधून बागेत टांगल्या. उन्हात चकाकतात, वाऱ्यावर गरगरतात आणि पोपट लांब राहतात. साडू वसुलीला आणि पिकं बघायला शिवारातून फिरायचे. गाडीवरून जाता जाता एखादी सीडी डोळ्यावर चमकली की करकचून ब्रेक, गाडी बांधाला, आणि हे झाडाखाली मान वाकडी करून लेबल वाचतायत. "काय रोग पडला का वं, शेट?" शेतकरी धावत यायचा. "रोग न्हाई, हाणामारीचा पिक्चर हाय. ह्याला पोपट भीत न्हाईत. मी तुला चमकी पट्टी देतो, हे मला सोड." "आवो, पोपटांनी काय पिक्चर बघितलाय व्हय?" पण पट्टी फुकट मिळत असेल तर कोण नाही म्हणेल. अशा रीतीनं एकेक सिनेमा पेरूवरून उतरून साडूंच्या घरी आला. त्या वेळी एक सिनेमा दोन-तीन सीड्यांवर असायचा, आणि पेरूवाल्यांनी काही ते भाग एका झाडावर टांगलेले नव्हते. त्यामुळं एखाद्याचा पहिला भाग राहात्याच्या शिवारात सापडायचा आणि शेवटचा कोपरगावच्या वाटेवर.

मी नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वर्गीकरणात माझी हयात गेली आहे. साडूंचं कपाट पहिल्यांदा बघितलं तेव्हा मात्र मी खाली बसलो. त्यात नावांचा क्रम नव्हता, सालांचा नव्हता. वरच्या फळीवर "आईपुढं चालणारे", खालच्या फळीवर "आईपुढं न चालणारे" आणि मधल्या फळीवर "आईपुढं चालतात पण एकदा लाईट घालवावी लागती" अशी चिठ्ठी. हे मधल्या फळीवरचे सिनेमे लागले की त्यांची बायको मेन स्विचपाशी उभी राहते आणि साडू खाकरले की घरात अंधार होतो. सासूबाई अंधारात शांतपणे विचारायच्या, "झालं का तिचं नाचून?" म्हणजे इतकी वर्षं ही सगळी यातायात कुणासाठी चालली होती ते देव जाणे. दर नाताळच्या आधी साडू प्रत्येक सीडीची उगवण तपासतात. म्हणजे ती लावून थोडी बघतात, चालली तर डबीवर बियाण्याच्या पिशवीचा स्टिकर चिकटवतात आणि त्यावर लिहितात, "उगवण चांगली."

रविवारी चर्चहून आल्यावर रस्सा-भाकरी व्हायची आणि मग सिनेमा. त्यात घरातला सगळ्यांचा लाडका सिनेमा असा होता की त्याची मधली सीडी साडूंना कधी सापडलीच नाही. एक गरीब मास्तरीण, तिचा लहान मुलगा आणि तिच्या वाइटावर टपलेला एक मुनीम. पहिली सीडी संपते तेव्हा मास्तरीण भर पुरात मुलाला घेऊन नावेत चढते आणि काठावर मुनीम हसतो. तिसरी सीडी सुरू होते तेव्हा तिचे केस पांढरे झालेले आहेत, ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे आणि न्यायाधीश तिचाच मुलगा आहे. मधे काय झालं, हे कुणाला माहीत असणार? ते सासूबाईंना माहीत होतं. पहिली सीडी संपली की साडू पडदा बंद करायचे आणि सासूबाई खुर्चीत सावरून बसायच्या. मग नाव उलटायची, मिशनच्या दवाखान्यातली एक नर्स मास्तरणीला पाण्यातून ओढून काढायची, मुलगा वाहत जाऊन एका बोर्डिंगात वाढायचा. मास्तरीण त्याच दवाखान्यात आजाऱ्यांची सेवा करायची, आणि एके दिवशी तापानं फणफणलेला एक माणूस खाटेवर येऊन पडायचा. तो मुनीम! ती त्याला पेज भरवायची. मुनीम ढसाढसा रडून पश्चात्ताप करायचा. त्याच्या जोडीला आमच्या दोघांच्या बायका रडायच्या आणि साडू उपरण्यात नाक शिंकरायचे. मग तिसरी सीडी लागायची आणि तोच मुनीम कोर्टात खोटी साक्ष देताना दिसायचा. साडूंच्या मुलीनं लहानपणी एकदा विचारलंही, "आजी, हा तर सुधारला होता ना?" "सुधारला होता," सासूबाई जराही न गडबडता म्हणाल्या, "परत घसरला. माणसं घसरतात. म्हणून तर दर रविवारी जायचं असतं." पुढं त्या गोष्टीत बरीच भर पडली, दवाखान्याला विहीर झाली, नर्सचं लग्नही झालं, पण मुनीम सुधारल्याशिवाय सासूबाईंनी तिसरी सीडी कधी लावू दिली नाही.

मग एका पावसाळ्यात सीड्यांवर पांढरे ठिपके दिसायला लागले. दुसरा कुणी असता तर त्यानं जाणकाराला विचारलं असतं. साडू स्वतःच जाणकार. टिकवायच्या वस्तूचं काय करतात हे बियाणेवाल्याला कुणी शिकवायचं? त्यांनी गहू ठेवायची पत्र्याची कोठी रिकामी केली, तळाला कडुनिंबाचा पाला अंथरला, डाळीला लावतात तसा प्रत्येक सीडीला एरंडेलाचा हात लावला, गव्हाला लावतात तशी वरून बोरिक पावडर भुरभुरवली आणि झाकण घट्ट बसवून प्रार्थना केली. नाताळात कोठी उघडली तेव्हा एरंडेल आणि बोरिक यांचं सीड्यांवर छान पीठ मळलं गेलं होतं. ते पुसताना चरे पडले. पहिल्याच सीडीला प्लेअर घरघरला, दुसरीला थांबला, आणि मेकॅनिकनं उघडला तेव्हा आतून कडुनिंबाची दोन पानं निघाली. निम्मं कपाट गेलं. साडू त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कीड मात्र एकीलाबी लागली न्हाई."

मला तेव्हा वाटलं, माणूस छंदासाठी हळहळतोय. तसं नव्हतं. त्याच वर्षी सासूबाई विसरायला लागल्या होत्या. चहात मीठ पडायचं. चर्चमधून घरी येताना त्या भलत्याच गल्लीत शिरायच्या. माझ्या बायकोला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारायच्या आणि मला तर थेट "बसा हं, जावईबापू येतीलच" असं सांगायच्या. डॉक्टर म्हणाले, हे असंच वाढत जाणार. "पर साडूभाऊ," साडू मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "पहिली शीडी संपली की आई जागी होती बघा. पार नर्सच्या लग्नापातूर एक शबूद चुकत न्हाई. त्या शीड्या गेल्या तर आईला जागं कशानं करायचं?" मास्तरणीच्या दोन्ही सीड्या पिठातून कशाबशा वाचल्या होत्या. पण त्याही आता अधूनमधून अडकायला लागल्या होत्या.

साडूंची मुलगी सुप्याला एका कारखान्यात इंजिनीअर आहे. बापाची दशा बघून ती एका शनिवारी नवा टीव्ही घेऊनच आली. त्यात जगातले सगळे सिनेमे आहेत, सीडी नको, प्लेअर नको, नुसतं बोट दाबायचं. साडूंनी टीव्हीच्या मागं जाऊन, वाकून, सिनेमे कुठून येतात ते बघितलं. काही दिवस मात्र त्यांनी बोट दाबलं. एका रात्री त्यांना झोप आली म्हणून एक सिनेमा अर्ध्यावर सोडला. दुसऱ्या दिवशी उरलेला बघायला बसले तर तो नाहीच! मुलीला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, त्यांची मुदत संपली असेल. काढला त्यांनी." साडूंना एवढा आनंद मुलगी पास झाली तेव्हाही झाला नव्हता. दुकानात येईल त्याला ते सांगत सुटले, "काल हुता, आज न्हाई. हिरोला विहिरीत ढकललेलं हुतं. आता त्यो निघाला का न्हाई, मी कुनाला इचारू?" लोक मक्याचं बी घ्यायला यायचे आणि हिरोची काळजी घेऊन जायचे.

पण त्याच टीव्हीत मुलीला मास्तरणीचा सिनेमा सापडला. अख्खा, मधल्या भागासकट. तो नाताळचा दुसरा दिवस होता, आम्हीही तिथंच होतो. मधे काय होतं हे कळणार म्हणून सगळे श्वास रोखून बसलो. आणि मधे काय असावं? काही म्हणजे काही नव्हतं. नाव उलटत नाही, सुखरूप पलीकडं लागते. मग गाणी, एक आचारी लाडवांच्या परातीत पडतो, परत गाणी, आणि एका पाटीनं वीस वर्षं उलटतात. सासूबाई शेवटपर्यंत ताठ बसल्या होत्या. "ह्यांनी बदललं," त्या म्हणाल्या. त्यानंतरच्या रविवारी साडूंनी पहिली सीडी लावली, ती संपली, पडदा बंद केला, आणि सासूबाई गप्पच. साडूंच्या बायकोनं आठवण करून दिली तर म्हणाल्या, "लाडू होते ना काहीतरी?" पुढच्या रविवारीही तेच. साडूंचा मला फोन आला. "त्या हवेतल्या पिक्चरनं आईची गोष्ट पुसली, साडूभाऊ. मीच बसवलं आईला त्याच्यापुढं."

मुलगी परत आली. या वेळी तिनं हार्ड डिस्क आणली होती आणि राहिलेल्या सगळ्या सीड्या त्यात उतरवून द्यायची तिची तयारी होती. साडूंनी डिस्क हातात घेतली, तिचं वजन बघितलं, कानाशी धरली आणि त्यांना ती पसंत पडली, कारण ती हाताला लागत होती. मात्र एक चालणार नव्हती. एक त्यांच्या घरी, एक आमच्याकडे नगरला कपाटात माझ्या बायकोच्या साड्यांत, आणि तिसरी खर्ड्याला त्यांच्या बहिणीकडं, कारण तिकडची हवा कोरडी. "सगळं बी एका वावरात टाकायचं नसतं," त्यांनी मुलीला समजावलं. काम छान चाललं होतं. मास्तरणीच्या सिनेमाशी आल्यावर मुलीनं विचारलं, "पप्पा, मधला भाग टीव्हीतला घालू का? पूर्ण होईल." साडू ताडकन म्हणाले, "आचाऱ्याला माझ्या घरात आनायचं न्हाई."

आणि मग या माणसानं जे केलं ते मी स्वतः बघितलं म्हणून सांगतो. रविवारी पहिली सीडी अडखळत अडखळत संपली. सासूबाई गप्प. साडू त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसले आणि मोठ्यानं मला सांगायला लागले, "तर साडूभाऊ, नाव उलटती, आन् मुनीम पान्यात उडी टाकून मास्तरणीला वाचवतो." खुर्चीत हालचाल झाली. "मग दोघांचं लगीन होतं." "काय?" सासूबाई म्हणाल्या. "लगीन होतं. आन् पोराला मुनीम लई जीव लावतो." "उभे राहा!" चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारा तो आवाज आम्ही कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. साडू मुकाट्यानं उभे राहिले. मीही, का कोण जाणे, उभा राहिलो. "धडा वाचून येत नाही आणि मनाला येईल ते सांगता? मुनीम वाचवतो? नर्स वाचवते! नीट ऐका, मी पुन्हा सांगणार नाही." आणि सासूबाईंनी सगळं सांगितलं, पूर, दवाखाना, विहीर, पेज, ताप, पश्चात्ताप, नर्सचं लग्न, सगळं. साडू हाताची घडी घालून ऐकत होते, आणि खिशातून मोबाईल वर डोकावत होता. मोबाईलवर काडीचा भरवसा नसलेल्या त्या माणसानं तो चालू करून ठेवला होता. धोका नको म्हणून दुसरा माझ्या बायकोच्या ओच्यात होता आणि तिसरा मुलीच्या हातात.

मुलीनं ते बोलणं पहिल्या आणि तिसऱ्या सीडीच्या मधे बसवलं. पडदा मोकळा राहतो म्हणून तिथं आजीचा फोटो लावू का, असं तिनं विचारलं. "फोटू नको," साडू म्हणाले, "आईला वाटंल कुनी वारलं." तेव्हा पडदा काळाच ठेवला.

सासूबाई अजून आहेत. त्या रविवारनंतर मात्र त्यांनी ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही, साडूंनी मुनिमाची किती लग्नं लावली तरी. आम्ही ईस्टरला गेलो होतो. जेवणं झाल्यावर साडूंनी सिनेमा लावला. नाव पुरात शिरली, मुनीम हसला, पडदा काळा झाला आणि सासूबाईंचा आवाज सुरू झाला, "उभे राहा!" सासूबाई दचकल्या. मग मान पुढं करून, हनुवटीखाली मूठ धरून, शेवटच्या बाकावरच्या मुलीसारख्या ऐकत राहिल्या. मुनीम रडला तेव्हा त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

"किती छान सांगतात ह्या बाई," त्या साडूंना म्हणाल्या. "कुठल्या शाळेतल्या?"

"हितल्याच हायेत, आई."

"एकदा बोलवा ना त्यांना घरी. मला त्यांच्याशी बोलायचंय."

"बोलावतो की," साडू म्हणाले. एवढी वर्षं मी त्यांना ओळखतो, ते खोटं बोलल्याचं मी प्रथमच ऐकलं.

"तोवर परत लावा," सासूबाई म्हणाल्या, आणि साडूंनी तो भाग परत लावला. सासूबाई मान पुढं करून ऐकत होत्या आणि साडू त्यांच्याकडं बघत होते. पडद्यावर बघण्यासारखं तेव्हा काही नव्हतंच.